वेगळा पेला

आरोग्य विम्याच्या अर्जात ‘पूर्वीचे आजार’ हा रकाना आला आणि बायकोने माझा हात धरला. “अहो, नका ना लिहू. विमा देणार नाहीत.”

“हेपटायटिस सी झाला होता, औषधांनी बरा झाला. लपवायला काय चोरी केलीय?” मी ठसठशीत लिहिलं आणि डॉक्टरांचा दाखला जोडला.

खाण्यापिण्यातून हा आजार पसरत नाही, हे डॉक्टरांनी तिला दहादा सांगितलं होतं. तरी बाईसाहेबांनी स्वतःचं नाव घातलेला स्टीलचा पेला दोन वर्षं वेगळ्या फळीवर ठेवला. मला त्याला हात लावायची बंदी.

महिन्याभराने मंजुरीचं पत्र आलं. तिला दाखवायच्या आधी मी गुपचूप पेला घेऊन बाजारात जाऊन आलो.

पत्र वाचून तिने पदराने डोळे पुसले.

“कंपनीला पटलं. तुला कधी पटणार?” मी पिशवीतून पेला काढला. ‘सौ. हेमलता’च्या शेजारी ताजी अक्षरं चमकत होती: ‘आणि मी’.

“नाव घालणारा विचारत होता, काका, मी म्हणजे कोण?”

“मग?”

“म्हटलं, तिला ठाऊक आहे.”

तिने चहा गाळला. दोघांचा, त्याच पेल्यात.