वेस क्रोलचं होल्स्टर

"तेल तर नाही ना चोळलंत याला?" ओरिन स्टॅडलरनं पिस्तूल ठेवायचं ते चामडी होल्स्टर नाकाशी नेलं. "लोक आजोबांचे गुडघे चोळावेत तसं चोळतात आणि असलेल्या खुणा घालवून बसतात."

"हात नाही लावला. बासष्ट वर्षं पेटीत पडून होतं," हेस्टरबाई म्हणाल्या.

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, बसनं दोनशे मैल आली होती. जुनं होल्स्टर पारखावं तर ओरिननंच, असं सगळं वायोमिंग म्हणायचं. हे कुणाचं, ते त्याला सांगावं लागलं नाही. पाठीमागे चाकूनं नाव कोरलेलं होतं: वेस क्रोल.

१९०२ साली पाणवठ्यावर एका मेंढपाळाचा खून झाला. जखमेतून निघालेली गोळी पंचेचाळीसची, मोठ्या पिस्तुलाची. तसलं पिस्तूल क्रोलनं याच होल्स्टरमधून उपसलं, अशी कोर्टात साक्ष झाली. माझं पिस्तूल लहान होतं, ते हरवलं, असं क्रोल शेवटपर्यंत सांगत राहिला. कुणी ऐकलं नाही. त्याला फाशी दिली.

"पंचेचाळीसचं पिस्तूल यात बसायचं का?" बाईंनी विचारलं. "बाबांच्या माथी पाप होतं की नव्हतं, एवढं मरायच्या आधी कळू दे मला."

फासावर गेलेल्याच्या घरच्यांना खोदून विचारायची त्या मुलखात रीत नाही. ओरिननंही काही विचारलं नाही. त्यानं खुर्ची पुढे सरकवली आणि चष्मा पुसला.

आधी त्यानं चामड्यावरचा कारागिराचा शिक्का पाहिला, मग शिवण. मग बॅटरी लावून बराच वेळ आत बघत बसला. बाई हातमोजे पिळत होत्या.

"पिस्तूल रोज आत-बाहेर केलं की चामडं त्याचा साचा धरतं," तो म्हणाला. "ही गोळ्यांच्या चक्राची जागा. केवढीशी आहे बघा. बत्तीसचं असणार, फार तर."

"ओलं करून ताणलं तर मोठं बसेल ना?"

"बसेल, पण शिवण उसवेल. ही कधी उसवलेली नाही."

"नंतर कुणी नव्यानं शिवलं असेल."

"बाई, दोरा जुना, भोकं जुनी. तुम्ही तर सरकारी वकिलासारख्या उलटतपासणी घेताय." तो हसला. बाई हसल्या नाहीत.

"नीट बघा हो. परत एकदा बघा."

त्यानं परत पाहिलं. मग एक मोठं पिस्तूल आणून होल्स्टरच्या तोंडाशी धरलं. ते तोंडातच अडलं.

"झालं समाधान? हे यात कधी गेलेलंच नाही. साक्ष खोटी होती. ज्यानं ती दिली त्यानं देवाची शपथ घेऊन जिता माणूस मारला."

बाई ढसाढसा रडू लागल्या. ओरिनला भरून आलं. चाळीस वर्षांत इतकं मोठं काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं त्याला वाटलं. त्यानं कॉफी ओतून कप त्यांच्या हातात दिला.

"रडू नका. तुमचे वडील निर्दोष होते. मी सहीनिशी लिहून देतो, पेपरात छापून आणा."

बाईंनी कप तसाच खाली ठेवला.

"क्रोल माझा कुणी नव्हता," त्या म्हणाल्या. "फाशीनंतर गावानं हे माझ्या बाबांना बक्षीस दिलं. साक्षीदार ते एकटेच होते."