खात्रीचं माणूस

दुपारी शेजारच्या शरणम्मा शिवप्पांकडे टीव्ही बघायला यायच्या. शॉपिंग चॅनेलवर एखादी बाई "या तेलानं माझे गुडघे बरे झाले" म्हणाली, की शिवप्पा उसळायचे, "अक्का, फोन लावू नका. पैसे घेऊन बोलायली ती. त्या बाटलीला हातबी लावला नसंल तिनं!"

त्यांचं ऐकून शरणम्मांनी कधीच काही मागवलं नाही.

यंदा शिवप्पांची मुलगी वर्षाराणी उदगीरला मामाकडे राहून, कुठलाच क्लास न लावता, नीटमध्ये जिल्ह्यात पहिली आली. दुसऱ्याच दिवशी लातुरातले, उदगीरलाही शाखा असलेले एक क्लासवाले पेढे, शाल आणि कॅमेरा घेऊन घरी हजर. तिच्या धाकट्या भावाची, शिवांशची, दोन वर्षांची फी माफ झाली. "मी यांच्याच क्लासची विद्यार्थिनी" म्हणताना वर्षाराणी तीनदा अडखळली, तेव्हा शिवप्पाच म्हणाले, "जरा हसून म्हण की, पोरी."

आठवड्यानं शरणम्मा हसत आल्या. तो व्हिडिओ बघून, हातातल्या पाटल्या मोडून, त्यांनी नातवाला त्याच क्लासला घातलं होतं.



"टीव्हीतल्या बायांचा भरोसा न्हाई, हे तुम्हीच शिकवलं, अण्णा. वर्षाराणी तर आपली हाय, ती कशाला खोटं बोलंल?"