तिरकी शाल

तिरकी शाल पुन्हा विकली गेली. तीही माईंच्या नाकावर टिच्चून, माईंच्याच टेबलावरून.

"अशी एकच होती का हो?" गिऱ्हाईक बाई विचारत होती. "माझ्या बहिणीलाही हवीये."

"पुढच्या बाजारी आणते, ताई," म्हणत सुनेने शाल कागदात गुंडाळून दिली.

माईंनी तोंड फिरवलं. आठवडी बाजारातलं हे टेबल त्यांचं. 'माईंच्या शाली' ही पाटी त्यांची. हौस म्हणून हातात धरलेल्या क्रोशाच्या सुईवर त्यांनी हे नाव कमावलं होतं. आणि ही काल घरात आलेली पोर, सुई कुठून धरायची ते जिला ठाऊक नव्हतं, ती आता 'पुढच्या बाजारी आणते' म्हणत होती!

शिकवलं तेही माईंनीच. 'आई, मलाही शिकवा ना,' म्हणून सून पाठीस लागली. नाही म्हणावं तर मुलगा तोंड पाडून बसणार. मग साखळीचा टाका शिकवला, खांबाचा टाका शिकवला. पोरगी शिकली मात्र झरझर. शिकवणारी कोण होती, म्हणा!

एक गोष्ट तेवढी माईंनी पोटात ठेवली. ओळ संपताना अगदी कडेचा टाका चटकन दिसत नाही, तो शोधून घालावा लागतो. तो राहिला की पुढची ओळ आखूड, तिच्या पुढची आणखी आखूड. चौकोनी म्हणून सुरू केलेली शाल वर जाता जाता निमुळती होते. पण सगळंच शिकवून टाकलं तर शिकवणारीला विचारतं कोण?

झालंही तसंच. सुनेची पहिली शाल अशी तिरकी उतरली की माईंना हसू आवरेना. त्यांनी ती मुद्दाम टेबलावर पुढे मांडली. म्हटलं, शेजारी आपलं काम उठून दिसेल. आणि लोक त्या तिरकीवरच तुटून पडले! खांद्यावर घेतली की टोक कसं झोकात पुढे येतं म्हणे. फॅशन म्हणे! आंधळ्यांचा बाजार नुसता.

माईंच्या शाली पडून होत्या असं नाही. मध्यंतरी गिऱ्हाइकं त्या उलटून पालटून बघायची आणि परत ठेवायची. आता त्याही जात होत्या. पण त्यातही माईंच्या वाट्याला सुख नव्हतं. आज सकाळीच एकीने त्यांची हिरवी शाल उचलली.

"ही सूनबाईंची ना?"

"माझी आहे ती. नीट बघा, कशी सरळ आहे!"

ती खळखळून हसली. "माई, तुम्हीपण ना!" म्हणत शाल घेऊन गेलीसुद्धा. यात हसण्यासारखं काय होतं ते माईंना कळलं नाही.

"गुणाची सून मिळाली हो तुम्हाला," शेजारच्या टेबलावरची साबणवाली म्हणाली.

"दिसतायत ना गुण. टेबलभर पसरलेत."

साबणवालीने वड्या नीट रचायला घेतल्या.

त्याच दिवशी कपड्यांच्या मोठ्या दुकानाची मालकीण आली. तिरक्या शाली तिला दुकानाच्या दर्शनी काचेत मांडायच्या होत्या. सुनेला बाजूला घेऊन ती बराच वेळ बोलली. माईंच्या कानावर आलं ते एवढंच, "खाली नावाची चिठ्ठी लावू या."

"कोणाचं नाव?" घरी जाताना माईंनी विचारलं.

"बघू, आई. ती पिशवी द्या इकडे, जड आहे."

"माझे हात शाबूत आहेत."

दुसऱ्या दिवशी माई खिडकीशी विणत बसल्या. सुईकडे त्या बघतही नसत. माझी बोटंच टाके मोजतात, असं त्या येईल त्याला सांगायच्या. आज मात्र डोक्यात दुकानाची काच होती, आणि काचेत सुनेचं नाव. माईंच्या पाटीचं मग काय, सरपण?

आणि विणता विणता त्यांना सुचलं. हिला सरळ विणायला शिकवायचं! सरळ शाली गल्लोगल्ली मिळतात. तिरकेपणा गेला की दुकान गेलं, आणि नावही गेलं.

"सूनबाई, इकडे ये. तुला एक गोष्ट शिकवायची राहिलीये."

सून हात पुसत आली. "कोणती, आई?"

"तुझा कडेचा टाका सुटतो. म्हणून तुझ्या शाली वाकड्या होतात."

"राहू द्या ना. चाललंय ते बरं चाललंय."

"कुणाचं बरं चाललंय ते दिसतंय मला! चांगलं शिकवतेय तर नको होय?"

"तसं नाही, आई…"

"मग बघ, काम कसं असतं ते."

माईंनी मांडीवरची जांभळी शाल उचलली. शेवटची ओळ आत्ताच संपली होती, सुई अजून तिच्यातच लटकत होती.

"द्या, मी घडी घालते," सून घाईने पुढे झाली. रोज तीच घालायची.

"सोड! आधी बघ."

माईंनी शाल पलंगावर अंथरली. खालची बाजू पायथ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरली. मग कडेवरून तळवा फिरवत त्या उशीकडे सरकल्या. कड आत वळत गेली, तिच्यामागे तळवाही गेला. त्यांनी शाल ताणली. झटकली. पुन्हा अंथरली. दुसऱ्या बाजूनेही हात फिरवून पाहिला. वरची बाजू उशीएवढीही भरली नाही.

"हिला कोणी हात लावला?"

सून खाली बघत होती.

"दुकानवाल्या बाईंना मी कालच सांगितलंय, आई. नाव माईंचंच लावा म्हटलं. नमुना त्यांचा आहे, मी नुसतं त्यांचं बघून मुद्दाम टाका सोडते."