वाढ

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आईच्या पेशी ज्ञानदाने प्रयोगशाळेतल्या बाटलीत वर्षभर जगवल्या, म्हणून विद्यापीठात तिच्या विभागाने सत्कार ठेवला. भुईगावच्या वाडीतला सोनचाफा खिशात घालून बाबाही आले. आई जाऊन दहा महिने झाले होते. बाबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तो त्यांना काढवेचना.

"वाढतेय का गं?"

"रोज वाढतेय, बाबा."

त्यांनी चाफा हळूच बाटलीशेजारी ठेवला. "आता हिला मरू देऊ नकोस."

ज्या गाठीने आईला नेलं, त्या गाठीतल्याच पेशी होत्या त्या, हे बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या मराव्यात म्हणून दोन वर्षं ज्ञानदाने देव पाण्यात ठेवले होते.

"नाही मरू देणार, बाबा," ती म्हणाली.