धुतलेली तुळई

त्या शहाण्याने अख्खी सौना साबणाने घासून काढली होती, आणि वर दारात उभा राहून शाबासकीची वाट बघत होता.

तायमी काठी टेकत उंबऱ्यापाशी आली. गावच्या संग्रहालयाच्या आवारातली ही जुनी धुराची सौना, उघड्या अंगाने वाफ घ्यायची लाकडी न्हाणी. चुलीला धुराडं नाही. सगळा धूर भिंतींनीच प्यायलेला. आत गेलं की काळाकुट्ट अंधार अंगावर यायचा. आज लाकूड सोललेल्या बटाट्यासारखं पांढरं पडलं होतं आणि साबणाचा वास मारत होता.

"कशी वाटली, तायमीमावशी?" संग्रहालयाचा नवा व्यवस्थापक ईतू म्हणाला. हेलसिंकीहून येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. "तीन आठवडे घासत होतो. पाहुण्यांचे कपडे काळे व्हायचे, तक्रारी यायच्या."

"सौनेत कपडे घालून जा म्हणून त्यांना कुणी सांगितलं होतं?"

अंगणात कॉफी पीत बसलेली माणसं हसली. ईतूही हसला. तायमी हसली नाही. ती आत गेली आणि बसायच्या फळीच्या वर असलेल्या आडव्या तुळईवरून हात फिरवू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा.

"उजेड दाखव."

ईतूने मोबाइलचा उजेड धरला. भिंतीवरची नवी पाटी चमकली : 'या सौनेत गावच्या बायका बाळंत होत.'

"इथं दोन उजळ खुणा होत्या. तळहाताएवढ्या. कुठं गेल्या?"

"खुणा? काजळी कमीजास्त बसली असेल, मावशी. आता बघा ना, कसं सगळं एकसारखं झालंय."

"एकसारखं!"

कळ आली की बाई ही तुळई धरून लोंबकळायची. तायमीच्या आईने सात वेळा धरली. सातव्या खेपेला तायमी आली आणि आई गेली. त्यानंतर बापाने आपल्या या सौनेतली चूल पुन्हा पेटवली नाही, म्हणून आईच्या हातांनी काजळी पुसली गेलेल्या त्या दोन खुणा तशाच राहिल्या. आईचा फोटो कुणी काढलेला नव्हता. दर उन्हाळ्यात तायमी यायची आणि त्या दोन खुणांवर आपले हात ठेवायची. तिची बोटं खुणांच्या बाहेर जायची. आईचा हात लहान होता, एवढंच तिला आईबद्दल ठाऊक होतं.

ईतूचा चेहरा उतरला. त्या खुणा कुणाच्या, ते कुणीतरी त्याला बाहेरून हळूच सांगितलं होतं. "मावशी, मला खरंच कुणी सांगितलं नाही हो..."

"तू विचारलंस कुणाला?"



तायमीने काठी भिंतीला टेकवली. दोन्ही हात वर करून तुळई घट्ट धरली, सोडली, आणि तळवे त्याच्या नाकासमोर धरले.

"ती पाटी उतरव, ईतू. या सौनेत कुणी जन्माला आलं नाही. बघ, माझे हातसुद्धा काळे झाले नाहीत."