पाचवा पाय

“आधी हिचं बारसं कर, मग बाळंतपणाला जा,” माझ्या मार्गदर्शक केणी मॅडम म्हणाल्या होत्या. मी हसले. स्पिरिटच्या बाटलीतून ती कुठे पळून जाणार होती?

ती म्हणजे भर समुद्रात दोन हजार मीटर खोलवरून जाळीत आलेली, कोळंबीच्या दूरच्या नात्यातली, तांदळाच्या कणीएवढी मादी. पोटाशी अंड्यांची पिशवी. तिच्यासारखी दुसरी आम्हाला कुठेच सापडलेली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मी तिचं चित्र काढत आणलं होतं, फक्त पाचवा पाय राहिला. यांची जात त्या पायावरूनच ओळखतात; तो पाहिल्याशिवाय नव्या जातीला नाव देता येत नाही.

आता मॅडम निवृत्त झाल्यात आणि मी गोव्यातल्या प्रयोगशाळेपासून लांब, बार्शीला. लेक मांडीवरून उतरवली की रडते. “एवढ्याशा किड्यासाठी पोरीला टाकून जाणार?” सासूबाई विचारतात. आणि खरं सांगायचं तर माझाही पाय निघत नाही.

काल प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना फोन केला. “खोली रंगवायला काढलीय, ताई. बाटल्या व्हरांड्यात ठेवल्यात. उन्हात काय चमकतात.” उन्हात स्पिरिट उडून जातं. ती एकदा वाळली की पायांचा भुगा होईल. “मामा, आत घ्या,” म्हटलं, तर “हो हो” म्हणाले. आज फोन उचलत नाहीत.

तुमच्यापैकी कुणी तिकडे राहत असेल, तर आमच्या व्हरांड्यात डोकावाल का? निळ्या झाकणाची बाटली, चिठ्ठीवर नावाची जागा कोरी. आतली ती अजून स्पिरिटमध्ये बुडालेली आहे का, एवढंच बघून सांगा.