बिनसाखरेचा चहा

"जॅकेट काढू नकोस, गारठा आहे," द्वारका चौदाव्यांदा म्हणाली. चौदाव्यांदाच, कारण तिची लेक तनया पर्वतीच्या पायऱ्या चौदा वेळा चढून-उतरून आली होती. आणि गारठा कसला, जानेवारीतलं ऊनही आता चटके देत होतं. पोरीच्या हनुवटीवरून घाम गळत होता. तिनं आईकडे एकदा पाहिलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि पंधराव्या फेरीला वळली.

एकवीस वेळा पर्वती चढायची, प्रत्येक फेरीमागे ओळखीच्यांकडून देणगी मिळवायची आणि त्यातून 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' हा मानसिक आजार असलेल्यांसाठी मोफत समुपदेशन चालवायचं, असा आजचा उपक्रम होता. सगळ्यांच्या पिवळ्या टी-शर्टवर पाठीमागे आजाराचं नाव छापलं होतं. तनयानं आपल्या टी-शर्टवर एक ओळ जास्तीची छापून घेतली होती. 'मला आहे. विचारा, सांगते.'

द्वारकाला तीच ओळ खुपत होती. बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीतली अर्धी मंडळी रविवारी पर्वतीवर फिरायला येत, आणि त्या मंडळींच्या लेखी तनयाला मधुमेह होता.

तसं द्वारका खोटं बोलली नव्हती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांकडून परतताना जिन्यात खालच्या मजल्यावरच्या यमुनाकाकू भेटल्या.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"बॉर्डरलाइन आहे म्हणाले," द्वारका पुटपुटली.

"अगं बाई! या वयात शुगर?"

द्वारकानं मान हलवली. त्या एका मान हलवण्यावर दोन वर्षं निभावली. दर बुधवारी समुपदेशनाला जाणं म्हणजे शुगर तपासायला जाणं झालं. तनया एकाएकी भडकायची, दार आपटायची, आणि घटकाभरात "तू मला सोडून जाशील" म्हणत आईच्या गळ्यात पडून रडायची. शेजारी ऐकू गेलंच, तर "शुगर खालीवर झाली की होतं असं" म्हणायची सोय झाली. संक्रांतीला सगळ्यांना तिळगूळ मिळायचा, तनयाला नुसतं 'गोड बोल'. चारचौघांत ती बिनसाखरेचा चहा प्यायची, तोंड वाकडं न करता.

यमुनाकाकू तर रोज संध्याकाळी कारल्याचा रस पाठवायच्या. रिकामा पेला परत द्यायला गेलेली तनया तासाभरानं वर यायची. काकू पथ्यावर व्याख्यान देत असणार, असं द्वारकाला वाटायचं.

एकदा तनया म्हणाली होती, "आई, मला माझी लाज नाही वाटत. मी तुझी लाज सांभाळतेय." तेव्हापासून लेकीच्या हातात तो कप दिसला की द्वारकाची मान खाली जायची. पण खरं सांगायला तोंड काही उघडत नव्हतं.

पंधरावी फेरी संपवून तनया खाली आली ती झोकांड्या खातच. शेवटच्या पायरीवर मटकन बसली. चेहरा पांढराफटक पडला होता. लोक धावले. कुणी पाणी दिलं. फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी खिशातून तिळाचा लाडू काढून तिच्यापुढे धरला, तशी सोसायटीतल्या सोजरबाईंनी त्यांचा हात वरच्यावर पकडला.

"अहो, काय करताय! शुगर आहे तिला. गोड देऊ नका!"

गृहस्थ घाबरले. लाडू परत खिशात गेला.

तनयानं डोळे किलकिले करून आईकडे पाहिलं. हात मात्र जॅकेटच्या चेनवर होता, घट्ट. एवढ्या घेरीतही पोरगी आईची लाज सांभाळून बसली होती.

द्वारका लेकीपुढे गुडघ्यांवर बसली, तो हात अलगद सोडवला, चेन खाली ओढली आणि जॅकेट अंगावरून उतरवलं. आत टी-शर्ट घामानं चिंब झाला होता. या पोरीला आपणच सकाळपासून शिजवत ठेवलं होतं.

"तिला शुगर नाही," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाली, "शुगर नाही तिला. कधीच नव्हती. पाठीवर लिहिलंय ते वाचा. लाज मला वाटत होती, तिला नाही."

सोजरबाईंनी ओठ हलवत पाठीवरची अक्षरं वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि त्या गृहस्थांचा हात सोडला. द्वारकाला वर बघवेना. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत यमुनाकाकू आल्या, आणि तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"काकू, दोन वर्षं तुम्हाला कारली किसायला लावली मी..."

काकूंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदरानं तनयाचं कपाळ पुसलं, जॅकेट उचलून द्वारकाच्या हातात कोंबलं आणि पायथ्याच्या चहावाल्याला हाक मारली.

"महिपती, एक चहा आण रे लवकर. साखर दोन चमचे जास्त घाल. दोन वर्षं माझ्याकडे तसाच पिते ती."